पुन: घरासाठी आणि रेंजसाठी कार्बाइन: न्यू जर्सीत काय घ्यावं?

प्रेषक: एडिसनचा सभासद

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. यंदा ऐन दिवाळीत आमच्या मागच्या रस्त्यावर दोन देशी घरं फुटली, दोन्हीकडचं सोनं गेलं. तेव्हापासून बायकोला रात्री धड झोप नाही. एक सेमी-ऑटोमॅटिक कार्बाइन (दर वेळी चाप ओढला की एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी आखूड रायफल) घ्यावी, दोघांनी नेमबाजीच्या रेंजवर नीट शिकावं आणि ती घरात असावी, असं आमचं चाललंय. बायको जेमतेम पाच फूट, शिवाय डावखुरी. घरात सात वर्षांची मुलगी आहे. धाकटा भाऊ एच-1बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे आणि आमच्याकडेच राहतो. उन्हाळ्यात आईबाबा येतात. दुकानात गेलो की एआर-15 रायफल समोर ठेवतात. एक मित्र म्हणतो, महायुद्धातली एम1 कार्बाइन घे, हलकी आहे. हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरचे काका

अरे, बंदुकीआधी भावाचं बोलू, कारण आपल्या लोकांचं घोडं इथंच पेंड खातं.

फेडरल कायद्याप्रमाणे ग्रीन कार्डवाला बंदूक घेऊ शकतो. एच-1बी, एच-4, एफ-1, पर्यटक व्हिसा यांवर असलेल्यांना मात्र बंदूक विकत घेणं सोड, जवळ बाळगणंही बंद आहे. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर काही करायचं तर आधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. 'जवळ बाळगणं' यात रेंजवर पाच मिनिटं हातात घेणंही येतं. आपल्याकडची तरुण मुलं शनिवारी घोळक्यानं रेंजवर जातात आणि फोटो टाकतात. त्यांना कुणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. घरातही तेच. भावाला सेफचा आकडा माहीत असेल, तर तो त्याचा ताबा मानला जाऊ शकतो. म्हणून आकडा फक्त तुम्हा दोघांकडे. आईबाबांकडेही नको.

आता आपलं राज्य. आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, म्हणजे बंदूक खरेदीचं राज्याचं ओळखपत्र, काढा. अर्जाला दोन संदर्भ, बोटांचे ठसे आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायची संमती लागते. बायकोनंही स्वतःचं कार्ड काढावं.

एम1 कार्बाइन विसर. दुसऱ्या महायुद्धात अशा साठ लाखांहून जास्त बनल्या आणि हातात घेतली की कुणालाही आवडते, हे खरं. पण न्यू जर्सीच्या 1990 च्या कायद्यात तिचं नावच बंदीच्या यादीत आहे. टेक्ससमधल्या भावोजींकडे आहे म्हणून गाडीत टाकून आणलीस तर थेट गंभीर गुन्हा. यादीत नसलेल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला सुटं मॅगझिन (काढता येणारी गोळ्यांची पेटी) असेल, तर पिस्तुलासारखी मूठ, सरकता किंवा घडीचा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), नळीच्या टोकाला ज्वाला झाकणारं नळकांडं किंवा त्यासाठीचे आटे, संगीन बसवायची जागा अशांपैकी दोन गोष्टी चालत नाहीत. एआरला मूठ असतेच. म्हणून इथं मिळते त्या एआरचा दस्ता पक्का आणि टोकाला आटे नाहीत. मॅगझिन दहा गोळ्यांचं, त्याहून मोठं ठेवणंही गुन्हा. जुलै 2024 मध्ये एका फेडरल न्यायाधीशांनी कोल्ट एआर-15 वरची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि प्रकरण अपिलात गेलं. अशा बातम्या वाचून खरेदी करायची नसते.

पक्का दस्ता म्हटला की तुझ्या बायकोची अडचण सुरू. दस्ता लांब पडला की माणूस कंबरेतून मागे वाकतो, डोळा नेमावर बसत नाही आणि दोन-चार फैरींनंतर शिकायची इच्छाच मरते. म्हणून माझं मत रुगरच्या पीसी कार्बाइनकडे झुकतं. 9 मिमी, म्हणजे पिस्तुलाची गोळी, नळी 16 इंचांच्या थोडी वर, वजन सुमारे तीन किलो. दस्त्यातल्या चकत्या काढून लांबी कमी करता येते. बोल्ट (गोळी भरणारा सरकता भाग) ओढायची खुंटी आणि मॅगझिन सोडायचं बटण दोन्ही डावीकडे फिरवता येतात. ही सोय डावखुऱ्या माणसाला फार मोलाची आहे. राज्याच्या नियमात बसणारी आवृत्ती माग. त्या नळीतून 9 मिमी गोळी पिस्तुलापेक्षा सेकंदाला साधारण 100 ते 200 फूट जास्त वेगानं जाते. तीन ठिकाणी टेकवून धरता येत असल्यामुळे नवशिक्याचा नेम पिस्तुलापेक्षा खूप लवकर बसतो. मात्र 9 मिमी म्हणजे झटका नाहीच असं समजू नका. यात झाडताना बोल्ट नळीला अडकून बसत नाही, तो निव्वळ वजनावर मागे येतो, म्हणून जड असतो आणि खांद्याला जाणवतो. रुगरनं आत टंगस्टनचं सरकतं वजन घालून तो धक्का बराच मऊ केला आहे.

पण तुला मनापासून सांगतो, पहिली बंदूक ही नको. 1964 पासून चालत आलेली रुगर 10/22 घ्या. .22 ची स्वस्त गोळी, आवाज कमी, झटका जवळजवळ नाही, दहाचं मॅगझिन मूळचंच. श्वास, चापावरचं बोट, बोट बाहेर ठेवायची सवय, हे सगळं हिच्यावर मुरलं की मग मोठी घ्या.

---

प्रेषक: पार्सिपनी

काकांशी एका मुद्द्यावर असहमत आहे. घरासाठी 9 मिमी का? एआरची हलकी, पसरणारी .223 गोळी ड्रायवॉलमध्ये (जिप्समच्या भिंतीत) लवकर उलटते, तुटते. 9 मिमीची गोळी पुष्कळदा त्याहून जास्त भिंती पार करते. शिवाय एआरचे भाग, प्रशिक्षक, मॅगझिन सगळं सहज मिळतं. नळीवर 5.56 (त्याच मापाची लष्करी गोळी) लिहिलेलं असेल तर .223 बिनधास्त चालते. उलट मात्र करू नये, कारण 5.56 चा दाब जास्त असतो.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरचे काका

भिंतीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि लोकांना ते पटत नाही, म्हणून सांगितलंत हे बरं झालं. पण दोन्ही गोळ्या भिंतीपलीकडे जातात. आपल्याकडच्या विटांच्या घरात वाढलेल्या माणसाला भिंत म्हणजे आडोसा वाटतो. इथं अर्धा इंच जिप्सम, मधे पोकळी, पुन्हा अर्धा इंच जिप्सम. मुलीच्या खोलीच्या दिशेला कुठलीच गोळी सुरक्षित नाही. त्यामुळे गोळी निवडण्याआधी घराचा नकाशा काढून दिशा ठरवाव्या लागतात.

आणि .223 बंद खोलीत उडाली की आवाज 160 डेसिबलच्या आसपास जातो. कानाला एका क्षणात कायमची इजा व्हायला 140 पुरतात. रेंजवरही, विशेषतः छताखालच्या, कानात बोंडं आणि वर हेडफोन असं दुहेरी घाला. घरी आलात की आधी साबणानं हात धुवा, तेही गार पाण्यानं, आणि बूट दाराबाहेर. शिशाची धूळ लहान मुलांच्या अंगात जाते, ती अशीच.

पोकळ टोकाच्या गोळीबद्दलही आपल्या राज्याचा नियम वेगळा आहे. घरात ठेवता येते, रेंजवर नेता येते, एरवी बरोबर बाळगता येत नाही. ने-आण करताना बंदूक रिकामी, पेटीला कुलूप, आणि घर ते रेंज सरळ प्रवास. वाटेत देवळात किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला थांबणं नको.

---

प्रेषक: मॉरिस काउंटीच्या डॉक्टरताई

मी रात्रीच्या पाळीत इमर्जन्सीत काम करते. बंदुकीबद्दल मला कळत नाही, तिच्या जखमांबद्दल कळतं, म्हणून लिहिते.

अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. 2020 पासून मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. आपल्या समाजात नोकरी जाणं, व्हिसा अडकणं, घटस्फोट, मुलांचे मार्क यांवर घरात कुणी बोलत नाही. ज्या घरात कुणाचं मन ठिकाणावर नाही, तिथं हा विषय महिनाभर तरी बाजूला ठेवा. 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत-क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो.

दुसरं. आपल्या घरांत येणारे चोर सोन्यासाठी येतात आणि बहुतेक वेळा घर रिकामं असताना येतात. तेव्हा सेफ भिंतीला ठोकलेली नसेल तर सोन्याबरोबर बंदूकही जाईल. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. दाराच्या चौकटीला लांब स्क्रू, अलार्म आणि मागच्या अंगणात दिवा, हे आधी करा.

आणि भाऊ. तो ऑफिसातून रात्री किती वाजता येतो? तुमच्या घरात रात्री एक वाजता दार वाजलं तर सगळ्यात जास्त शक्यता तोच असण्याची आहे. अंधारात चेहरा ओळखू आल्याशिवाय चाप ओढायचा नाही, हे तुम्ही दोघं कसं पाळणार आहात, ते आधी ठरवा.

---

प्रेषक: एडिसनचा सभासद

ताई, भाऊ शिफ्टवरून साडेबाराला येतो. बायकोनं तुमचा मेल वाचला आणि आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. ठरलं ते असं: भावानं निघताना आणि गल्लीत शिरताना फोन करायचा. काही झालंच तर मी मुलीला आमच्या खोलीत आणणार, बायको 911 ला फोन लावणार, दार लावून आत थांबायचं, घर शोधत फिरायचं नाही. सोनं शुक्रवारी लॉकरमध्ये जाईल. दोघांचे कार्डाचे अर्ज भरतोय. 10/22 आधी, बाकीचं वर्षभरानं बघू. काका, सेफ तळघरात ठोकू का झोपायच्या खोलीत? आणि मुलीला कडेवर घेतलं तर कार्बाइनला दोन हात लागतात, त्याचं काय?

---

प्रेषक: ब्रिजवॉटरचे काका

तळघर नको, इथल्या तळघरात दमट असतं, गंज चढतो, आणि रात्री तिथवर जिना उतरायचा कुणी? झोपायच्या खोलीच्या कपाटात, भिंतीतल्या लाकडी खांबांना बोल्टनं ठोक. काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलीला आणायचं काम रिकाम्या हातानंच करायचं, बंदूक सेफमध्येच राहू दे. ती बाहेर काढायची वेळ आलीच तर सगळे एका खोलीत जमल्यावर, आणि दार बंद झाल्यावर. पुढं कार्बाइन घेशील तेव्हा पट्टा आणि नळीजवळ दिवा लावून घे. डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं यंत्र) घेतलास तर लक्षात ठेव, तो नळीच्या दीड-दोन इंच वर बसतो, म्हणून पाच यार्डांवर गोळी जवळजवळ तेवढीच खाली लागते. हे रेंजवर कागदावर स्वतः पाहून घ्या.

प्रोजेक्ट अ‍ॅपलसीडचे रायफल नेमबाजीचे वर्ग .22 वर चालतात, जवळचा कुठला होतोय ते बघ. सूनबाईंना डाव्या खांद्यानं शिकवायचं आहे, हे प्रशिक्षकाला आधीच सांग.