कट, फितुरी की भाऊबंदकी?

बायझंटाइन साम्राज्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर अडून बसलेय. सम्राट मॅन्युएल कोम्निनोस (राज्यकाळ ११४३ ते ११८०) याच्याविरुद्ध अँड्रोनिकोस कोम्निनोसने जे उद्योग केले, त्यांना काय म्हणायचं? मी लिहिलं, ‘राजपुत्राने सम्राटाविरुद्ध अयशस्वी षड्यंत्रे केली.’ वाचून माझंच तोंड वाकडं झालं.

— आधी ‘राजपुत्र’ काढा. मराठीत राजपुत्र म्हणजे राजाचा मुलगा. अँड्रोनिकोसचा बाप इसाक हा मॅन्युएलच्या वडिलांचा, सम्राट योहानिसचा, धाकटा भाऊ. म्हणजे हे दोघे चुलतभाऊ, जवळपास एका वयाचे. इंग्रजीत ‘कझिन’ म्हटलं की भागतं. आपल्याकडे मामेभाऊ की आतेभाऊ ते सांगावं लागतं, आणि इथे तर सगळी गोम त्या ‘चुलत’मध्येच आहे. मामेभावाला गादीवर हक्क सांगता येत नाही. त्या इसाकनेही भावाविरुद्ध कट केला होता, तो उघड होताच ११३० मध्ये राजधानीतून पळाला. खाण तशी माती. सरळ ‘भाऊबंदकी’ लिहा.

— भाऊबंदकी शब्द चपखल, पण ती झाली घरातली कायमची धुसफूस. एकेका प्रसंगाला तो पुरत नाही. निश आणि ब्रानिचेवो या सीमेवरच्या ठाण्यांचा कारभार हातात असताना या गृहस्थाने हंगेरीच्या गेझा राजाशी संधान बांधलं, मदतीच्या बदल्यात तीच ठाणी द्यायची तयारी दाखवली. याला ‘फितुरी’च म्हणायचं. पुढे पेलागोनियाच्या छावणीत सम्राटाचा काटा काढायचा बेत केला, तो मात्र ‘घात’. शिवाय क्रियापदं बघा. कट शिजतो आणि उधळला जातो, बेत फसतो, बंड मोडलं जातं. ही क्रियापदं नीट वापरली की ‘अयशस्वी’ची गरजच उरत नाही. त्या शब्दाला परीक्षेच्या निकालाचा वास येतो.

— आणि ‘कारस्थान’? ते का कुणी सुचवत नाही?

— चालेल, पण जपून. आज त्याला वाईटच वास आहे. बारभाईच्या कारस्थानात तसा तो नव्हता. १७७४ मध्ये राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांकडे आपण कौतुकानेच बघतो. षड्यंत्र मात्र बातम्यांसाठी राहू द्या.

— थोडं अवांतर. याच लेखात अँड्रोनिकोसचे कैदेतून पळण्याचे दोन प्रसंग असतील, तिथेही एकच ‘पलायन’ दोनदा लिहू नका. पहिल्यांदा त्याला कोठडीच्या जमिनीखाली जुना भुयारी मार्ग सापडला आणि तो तिथेच लपला. पहारेकऱ्यांना वाटलं पळाला. मग त्याच्या बायकोला पकडून त्याच कोठडीत टाकलं, आणि हा खालून वर आला! तेव्हा तिथे ‘दडी मारली’. नंतर मेणावर किल्ल्यांचे ठसे घेऊन बाहेरून नकली किल्ल्या करवल्या, दोर दारूच्या रांजणातून आत आणवले. तिथे ‘हातावर तुरी दिल्या’ शोभेल.

— सर्वांचे आभार. आता असं केलंय: ‘सम्राटाचा हा चुलतभाऊ हंगेरीच्या राजाला फितूर झाला, पुढे सम्राटाच्याच जिवावर उठला, दोन्ही डाव उधळले गेले आणि तो राजवाड्याच्या तुरुंगात पडला.’

— छान, ‘डाव’ आवडला. फक्त लेख ११८३ पर्यंत जाणार असेल तर तिथे ‘गादीवर बसला’ लिहू नका. मॅन्युएलच्या अल्पवयीन पोराचा गळा आवळून मिळवलेली गादी ती, ‘बळकावली’च म्हणा.