शब्दचर्चा: समवर्ती, अवशिष्ट, संघ, केंद्र

प्रश्न

राज्यघटनेत कायदे करण्याचे विषय संघसूची (संसदेचे), राज्यसूची (राज्यांचे) आणि समवर्ती सूची असे वाटलेले आहेत. यांपैकी 'समवर्ती सूची'तल्या 'समवर्ती' या शब्दाचा नेमका अर्थ काय? 'सम' म्हणजे समान, तेव्हा या सूचीतल्या विषयांवर केंद्र आणि राज्य यांचा अधिकार सारखाच, असं एका लेखात वाचलं. अधिकार सारखाच असेल, तर दोघांचे कायदे एकमेकांशी जुळले नाहीत की कुणाचं चालतं?

प्रतिसाद

लेखातला अर्थ चुकीचा आहे, आणि ही चूक फार पसरलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथला 'सम' बरोबरीचा नाही, बरोबरचा आहे. 'समकालीन'मध्ये जो आहे तोच. समकालीन माणसं एका काळात असतात, पण म्हणून ती तोलामोलाची असतातच असं नाही. समवर्ती विषय म्हणजे ज्यावर संसद आणि विधानमंडळ दोघंही एकाच वेळी कायदा करू शकतात असा विषय. दोघांना मुभा आहे, एवढंच हा शब्द सांगतो. वजन कुणाचं जास्त, हे तो सांगत नाही. ते राज्यघटनेचा अनुच्छेद 254 सांगतो: समवर्ती विषयावरच्या राज्याच्या कायद्यात आणि संसदेच्या कायद्यात विसंगती असेल, तर संसदेचा कायदा वरचढ. संसदेने तो आधी केलेला असो की नंतर, फरक पडत नाही. राज्याचा कायदा विसंगतीपुरता निष्प्रभ होतो.

त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात राज्यांसाठी एक वाट ठेवली आहे. राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं गेलं आणि त्याला त्यांची अनुमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो. बैलगाडा शर्यतीचं प्रकरण याच वाटेने गेलं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध हा समवर्ती विषय, आणि त्यावर संसदेचा 1960 चा कायदा. त्या कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैलांना काबूत आणण्याचा खेळ) आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. 2017 मध्ये तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी त्याच केंद्रीय कायद्यात आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या केल्या, त्यांना राष्ट्रपतींची अनुमती मिळाली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. शर्यतींबद्दल कुणाचं मत काहीही असो, समवर्ती म्हणजे काय हे या उदाहरणात स्वच्छ दिसतं. राज्याला कायदा करता आला, पण राष्ट्रपतींची अनुमती घेऊन, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. शिवाय संसद उद्या नवा कायदा करून त्या दुरुस्त्या रद्द करू शकते, तेही 254 मध्येच लिहिलेलं आहे.

म्हणून एखादा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत जातो तेव्हा 'आता दोघांचाही' असं म्हणणं अर्धवट आहे. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वजने-मापे, वन्य प्राणी-पक्ष्यांचं संरक्षण असे विषय तसे हलवले. संसदेला त्यांवर अधिकार मिळाला. राज्यांचा गेला नाही, पण दुय्यम झाला.

प्रतिसाद

'समान' हा अर्थ अगदीच हवेतून आलेला नाही. अमरकोशात यमाच्या नावांमध्ये 'समवर्ती' आहे: सगळ्यांशी सारखाच वागणारा. संस्कृत शिकलेल्या माणसाच्या कानाला तो अर्थ आधी ऐकू येतो. कायद्याच्या परिभाषेत मात्र शब्द तोच ठेवून वेगळा अर्थ योजला आहे. 'सहवर्ती' घेतला असता तर हा घोळ टळला असता असं मला वाटतं, पण आता 'समवर्ती' इतका रुळलाय की बदलण्यात अर्थ नाही.

प्रश्न

मग सत्तेचा तोल कुठे झुकलाय हे कोणत्या शब्दावरून ओळखायचं?

प्रतिसाद

'अवशिष्ट'वरून. काही पुस्तकांत 'शेषाधिकार' असंही म्हणतात. सगळ्या सूच्या लिहून झाल्यावर जे विषय कुठेच बसत नाहीत, ते कुणाचे? संघराज्य कोणतंही असो, मी पहिल्यांदा हेच बघतो. अमेरिकेत 1791 च्या दहाव्या घटनादुरुस्तीने ते राज्यांकडे किंवा जनतेकडे ठेवले. ऑस्ट्रेलियातही राज्यांकडे. कॅनडात आणि भारतात मध्यवर्ती सरकारकडे.

आपल्याकडे हे आधीपासून ठरलेलं नव्हतं. सत्तांतरासाठी आलेल्या ब्रिटिश मंत्र्यांच्या 1946 च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढंच होतं, बाकी सगळं प्रांतांचं. फाळणी ठरली आणि घटना समितीने दिशा बदलली. आज अनुच्छेद 248 आणि संघसूचीतली 97वी नोंद यांमुळे उरलेलं सगळं संसदेचं आहे. 1994 मध्ये सेवाकर आला तो या 97व्या नोंदीच्या जोरावर. घटना लिहिताना सेवांवर कर बसवण्याचं कुणाच्या डोक्यात नव्हतं, म्हणून तो कोणत्याच सूचीत नव्हता, म्हणून तो केंद्राचा झाला. अर्थव्यवस्थेत जे नवं उगवेल ते आपोआप एकाच बाजूला जमा होतं. 'अवशिष्ट' म्हटलं की उरलंसुरलं वाटतं, पण तसं ते मुळीच नाही.

प्रश्न

जाता जाता: 'संघ सरकार' की 'केंद्र सरकार'? आणि 'संघराज्य' व 'महासंघ' एकच का?

प्रतिसाद

दुसरं आधी. एक नाहीत. महासंघात घटक राज्यं सार्वभौम राहतात आणि मध्यवर्ती संस्थेला नागरिकांवर थेट कर बसवता येत नाही. 1781 पासून 1789 पर्यंत अमेरिका अशीच होती. संघराज्यात दोन्ही सरकारं नागरिकांवर थेट अंमल करतात. स्वित्झर्लंड नावात अजून महासंघ आहे, पण 1848 पासून ते संघराज्य आहे, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

राज्यघटनेचा शब्द 'संघ' आहे: 'भारत हा राज्यांचा संघ असेल'. राज्यांनी आपापसात करार करून हा संघ घडवलेला नाही आणि कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडता येणार नाही, हे डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत स्पष्ट केलं होतं. 'केंद्र' हा व्यवहारातला शब्द, आणि कायद्यांतही 'केंद्र सरकार' सर्रास येतं, त्यामुळे तो चूक नाही. तमिळनाडू सरकारने 2021 पासून जाणूनबुजून 'संघ सरकार' अशा अर्थाचा शब्द वापरायला सुरुवात केली. त्यामागची भावना मला पटते. 'केंद्र' म्हटलं की राज्यं परिघावर जातात, आणि घटनेत ती तशी नाहीत. राज्यं म्हणजे केंद्राची नुसती उपांगं नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालातही म्हटलं आहे.

मी स्वतः बातमीत किंवा बोलण्यात 'केंद्र' चालवून घेतो, घटनेबद्दल लिहिताना 'संघ'च लिहितो. आणि लिहिताना एका जागेकडे लक्ष द्या: 'संघराज्य' जोडून, पण घटनेच्या मराठी पाठात केंद्रशासित प्रदेशासाठी 'संघ राज्यक्षेत्र' आहे, तिथे 'संघ' सुटा.