ग्र्यूनाऊच्या इमारती पाडायला नको होत्या

नीरजा:
पूर्व जर्मनीतल्या पॅनेल-इमारतींचा, म्हणजे काँक्रीटचे तयार भाग जोडून उभारलेल्या इमारतींचा, विषय निघाला की "लोक निघून गेले, म्हणून इमारती पाडल्या" एवढंच सांगितलं जातं. मला हे अपुरं वाटतं.

लाइपझिग शहराच्या पश्चिमेला ग्र्यूनाऊ ही अशीच वसाहत आहे. 1976 साली पायाभरणी झाली आणि 80च्या दशकात तिथे 80 हजारांवर माणसं राहत होती. जुन्या शहरात तेव्हा कोळशाच्या शेगड्या आणि जिन्यातले सामाईक संडास. ग्र्यूनाऊत नळाला गरम पाणी होतं. एकाच जिन्यावर प्राध्यापक आणि फिटर शेजारी राहत.

1990 नंतर कारखाने बंद पडले, लोक पश्चिमेकडे गेले, हे खरंच. पण या घरांवर समाजवादी राजवटीतलं कर्ज दाखवलेलं होतं आणि ते गृहनिर्माण कंपन्यांच्या माथी आलं. 2002 पासून केंद्राच्या 'श्टाटउम्बाऊ ओस्ट' (पूर्वेकडची शहर-पुनर्रचना) योजनेत पाडलेल्या घरामागे प्रति चौरस मीटर अनुदान मिळू लागलं. शिवाय ज्या कंपनीची 15 टक्के किंवा त्याहून जास्त घरं रिकामी, तिला पाडलेल्या घरावरचं जुनं कर्ज माफ होण्याची सोय झाली. एकेका इमारतीचा मालक एकच, राहणारे भाडेकरू. मग पाडण्याचा निर्णय हिशेबाच्या वहीत झाला. 1998 मध्ये लाइपझिगमध्ये 4 लाख 37 हजार लोक उरले होते, 2019 मध्ये आकडा 6 लाखांवर गेला. आज तिथे स्वस्त घर शोधताना दमछाक होते.

पराग_द:
नीरजाताई, हा आकडा जपून वापरायला हवा. 1999-2000 मध्ये आजूबाजूची गावं लाइपझिगात सामील केली, त्यामुळेच कागदावर पन्नासेक हजार माणसं वाढली. खरी वाढ बरीच नंतरची.

आणि 2000 सालची परिस्थिती पाहा. लाइपझिगचेच माजी महापौर हिनरिख लेमान-ग्रूबे यांच्या आयोगाने पूर्व जर्मनीत सुमारे 10 लाख घरं रिकामी असल्याचं सांगितलं. अकरा मजल्यांत चार कुटुंबं उरली तरी लिफ्ट चालवावी लागते, हीटिंगचं पाणी फिरवत ठेवावं लागतं. तो खर्च शेवटी उरलेल्या भाडेकरूंवरच येतो. काही इमारती पाडल्या म्हणून बाकीच्यांच्या डागडुजीला पैसा राहिला.

नीरजा:
गावांचा मुद्दा मान्य, तरी त्यानंतरचीही वाढ लाखाच्या घरात आहे. आणि रिकामी घरं आपोआप रिकामी झाली नाहीत. 90च्या दशकात जुने वाडे दुरुस्त करणाऱ्या आणि शहराबाहेर नवी घरं बांधणाऱ्या गुंतवणूकदारांना सरकारनेच भरघोस करसवलत दिली. ज्याला परवडलं तो तिकडे गेला. म्हणजे एका खिशातून ग्र्यूनाऊ रिकामं करायला पैसे दिले आणि दुसऱ्यातून पाडायला.

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. बर्लिनच्या मार्त्सानमध्ये आरेन्सफेल्डर टेरासेनला 2003 ते 2005 दरम्यान अकरा मजली इमारतींचे वरचे मजले उतरवले, तीन ते सहा मजले ठेवले आणि वर गच्च्या तयार केल्या.

पराग_द:
ते महाग पडतं, म्हणूनच एवढं गाजलं! क्रेनने एकेक पॅनेल उतरवायचं, खाली उरलेलं नव्याने बांधून काढायचं. हजारो घरांसाठी ते कोण करणार होतं?

मंजिरी:
मालक एकच असणं हा दोष, असं धरलं तर लिथुआनियाची राजधानी विल्निअसकडेही बघा. तिथल्या लाझ्दिनाई या पॅनेल-वसाहतीच्या वास्तुरचनाकारांना 1974 मध्ये सोव्हिएत संघाचा लेनिन पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यानंतर लिथुआनियात जवळजवळ प्रत्येक जण आपल्या घराचा मालक झाला. तिथे पाडापाडी झाली नाही, पण बाहेरून उष्णतारोधक थर चढवायचा तर मालकांचं बहुमत जमवावं लागतं, आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजी कर्जाला घाबरतात. दुरुस्ती वर्षानुवर्षं रखडते.

मला वाटतं, वसाहतीचं नशीब रोजगार आणि वाहतुकीवर जास्त ठरतं. पोलंडची राजधानी वॉर्सातलं उर्सिनूव्ह पॅनेलचंच आहे. 1995 मध्ये शहराची पहिली मेट्रो तिथूनच सुरू झाली. आज तिथे घर घ्यायला लोक धडपडतात.

वेताळ_टेकडी:
मेट्रो आली म्हणून ग्र्यूनाऊचा प्रश्न सुटला नसता. लाइपझिगचं केंद्र तिथून लोकल ट्रेनने जवळच आहे. अडचण अशी की शहरातलं भाडं वाढलं आणि स्वस्त घरं याच वसाहतींत उरली. जवळच्या हाले शहरातल्या हाले-नॉयश्टाट या पॅनेल-वसाहतीच्या दक्षिण भागातही तेच. 2015 नंतर आलेल्या निर्वासितांना घर मिळालं ते इथेच. शाळांवर ताण आला, तर दोष इमारतींना! ग्र्यूनाऊत 1979 पासून रहिवाशांची पाहणी होते आहे. राहणारे पुन्हा पुन्हा सांगतात, आम्हाला इथे बरं वाटतं. बदनामी बाहेरच्यांनी केली.

पराग_द:
बरं वाटतं हे खरं, कारण मध्ये मोकळी जागा झाली, झाडं वाढली. तीही पाडण्यामुळेच.

नीरजा:
झाडं 1985 मध्येही लावलेली होती, रहिवाशांनी स्वतः खड्डे खणून. आणि पूर्व जर्मनीतल्याच ड्रेस्डेन शहराने 2006 मध्ये महापालिकेची सुमारे 48 हजार घरं एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकून टाकली. 2017 मध्ये त्याच शहराला पुन्हा महापालिकेची गृहनिर्माण कंपनी काढावी लागली. जे पाडलं, जे विकलं, ते परत उभारायला लागणारा खर्च 2002 च्या हिशेबात कुणी धरला होता, ते पराग, तुम्ही सांगा.