शिंगलचं छप्पर बदलायचंय, खर्चाचा अंदाज कसा काढायचा?

प्रश्न
नमस्कार मंडळी, घराचं छप्पर अॅस्फाल्ट शिंगलचं (एकावर एक बसवलेल्या डांबरी पट्ट्यांचं) आहे, वीस वर्षं सहज झाली असतील, कडा वर वळल्यात आणि पन्हळीत वाळूसारखे काळे दाणे साठतात. दोन कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन घेतलं तर दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळपास दीडपट. दोघांनीही फक्त एकूण रक्कम लिहून दिलीय, आत काय धरलंय काही कळत नाही. वळचणीसकट घर जमिनीवर ४४ बाय ३० फूट आहे, दोन बाजूंना उतार, मधे सरळ आढं. किती माल लागेल हे निदान आपलं आपल्याला काढता येईल का?

उत्तर १
येतं की! फक्त जमिनीवरचं माप तसंच धरू नका, उतारामुळे छप्पर त्याहून मोठं असतं. माळ्यावर जा, वाशाला लेव्हल (पाणसळ) आडवी टेकवा, टेकलेल्या टोकापासून लेव्हलवर १२ इंचावर खूण करा आणि तिथून वाशापर्यंतचं उभं अंतर मोजा. ६ इंच आलं तर उतार ६/१२, त्याचा गुणक १.११८. (४/१२ ला १.०५४, ८/१२ ला १.२०२.) तुमचे १३२० चौरस फूट गुणिले १.११८ म्हणजे साधारण १४७६. या धंद्यात १०० चौरस फुटाला एक स्क्वेअर म्हणतात, म्हणजे पावणेपंधरा स्क्वेअर झाले. साध्या दोन उतारांच्या छपराला कापाकापीचे १० टक्के वाढवा, सव्वासोळा. बहुतेक शिंगलचे तीन बंडल म्हणजे एक स्क्वेअर, तेव्हा ४९ बंडल. आढ्यावरच्या टोपीचे तुकडे आणि खालच्या कडेची स्टार्टर पट्टी यात नाही, ते वेगळं धरा.

उत्तर २
वरचा हिशेब बरोबर आहे पण दीडपट फरक मालात पडत नाही हो, तो बहुतेक जुनं काढण्यात असणार. स्वस्तवाला जुन्यावरच नवा थर मारणार आहे का ते आधी विचारा. एक स्क्वेअर शिंगल शंभर किलोच्या आसपास भरतात, म्हणजे तुमच्या छपरावरून दीड टन कचरा उतरवायचा, गाडीत भरायचा, टाकायचा, त्याचे पैसे लागणारच. पण वर थर मारला की खालची फळी कुजलीय का हे कुणी बघतच नाही, वजन वाढतं ते वेगळंच, आणि आधीच दोन थर असतील तर तिसरा सहसा नियमात बसत नाही. माझं स्पष्ट मत, जुनं काढूनच घ्या.

प्रश्नकर्ता
खूप आभार दोघांचे. माळ्यावर जाऊन आले, उतार बरोब्बर ६ निघाला. आणि फोन करून विचारलं, स्वस्तवाला खरंच वरूनच थर मारणार होता! आता दुसऱ्याचं म्हणणं, शिंगलखालचं प्लायवूड किती बदलावं लागेल ते उघडल्यावरच सांगेन. हे ठीक आहे का?

उत्तर ३
ताई, त्याचं चूक नाही, उघडल्याशिवाय पूर्ण कळत नाहीच. पण दर आत्ताच लिहून घ्या, ८ बाय ४ ची एक शीट मजुरीसकट बदलायला किती, आणि बदललेल्या प्रत्येक शीटचा फोटो द्यायचा. तोवर दिवसा टॉर्च घेऊन परत माळ्यावर चढा, धुराड्याभोवती आणि पाइप बाहेर जातात तिथे फळी काळी पडलीय का बघा, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लाकूड मऊ लागलं तर त्या शीट मोजून बजेटमध्ये धरा. धुराड्याच्या कडेचा पत्रा नवा घालणार की जुनाच वापरणार हेही कोटेशनमध्ये लिहून घ्या, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते आणि पैसे वाचवायला तोच जुना ठेवतात. शिंगलखालचा अंडरलेमेंट कागद, कडेवरून पाणी बाहेर टाकणारी ड्रिप एज पट्टी, आढ्याचं व्हेंटिलेशन, परवानगीची फी, कचरा, सगळं ओळ ओळ वेगळं मागा. पहिल्याकडूनही जुनं काढून करायचं कोटेशन याच ओळींवर मागवा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.