प्रिन्सचा १९८९ चा 'बॅटमॅन' अल्बम: याला साउंडट्रॅक म्हणायचं का?

दादर_स्लो
परवा फोर्टात फुटपाथवर जुन्या रेकॉर्ड्स चाळताना अमेरिकन गायक प्रिन्सच्या 'बॅटमॅन'ची एलपी हाती लागली, काळं कव्हर आणि मधोमध तो पिवळा लोगो, थोडी घासाघीस केली आणि घेतली. बाबांचा टर्नटेबल मागच्याच महिन्यात बेल्ट बदलून चालू केलाय त्यामुळे घरी आल्या आल्या लावली. पहिली बाजू संपली तेव्हा मी जागचा हललो नव्हतो, 'इलेक्ट्रिक चेअर' तर लागोपाठ तीनदा सुई मागे नेऊन ऐकलं. मग रात्री मुद्दाम टिम बर्टनचा त्याच नावाचा पिक्चर लावला की आता ही गाणी पडद्यावर बघायची. तर काय, धड वाजतात ती दोनच गाणी, म्युझियममध्ये 'पार्टीमॅन' आणि परेडमध्ये 'ट्रस्ट'. बाकी सगळा पिक्चर संगीतकार डॅनी एल्फमनच्या ऑर्केस्ट्रावर चाललाय आणि तो ऑर्केस्ट्रा या रेकॉर्डवर एक सेकंद पण नाही. 'बॅटडान्स'ची वाट बघत मी क्रेडिट्स संपेपर्यंत बसलो, ते आलंच नाही. मग हा साउंडट्रॅक कसा? पिक्चरचं नाव लावून विकलेला प्रिन्सचा अल्बम आहे का नुसता? मला तो मनापासून आवडलाय म्हणूनच विचारतोय. विकणाऱ्याने साध्या पांढऱ्या पिशवीत दिली, आतला छापील कागद नव्हता.

कॅसेटवाला_गिरगाव
अरे तो आतला कागद नाही तिथेच सगळं अडलंय तुझं. त्या कागदावर प्रत्येक गाण्याच्या शब्दांबरोबर ते कोण गातंय ते छापलेलं आहे. 'द फ्युचर' बॅटमॅनचं, 'इलेक्ट्रिक चेअर', 'पार्टीमॅन', 'ट्रस्ट' ही खलनायक जोकरची, 'विकी वेटिंग' ब्रूस वेनचं म्हणजे मुखवट्याशिवायच्या बॅटमॅनचं, 'लेमन क्रश' त्याच्या प्रेयसीचं, विकीचं, 'स्कँडलस' परत बॅटमॅनचं. गायिका शीना ईस्टनबरोबरचं 'आर्म्स ऑफ ओरायन' ब्रूस आणि विकीचं. म्हणजे एकच माणूस चार-चार भूमिका गातोय. आपल्या संगीत नाटकाची रेकॉर्ड ऐकताना हे पद कुणाच्या तोंडी आहे हे माहीत असावं लागतं ना, नाहीतर नुसती चाल ऐकू येते, अगदी तसंच. आता एकदा 'ट्रस्ट' ऐक आणि डोक्यात ठेव की माझ्यावर विश्वास ठेवा असं हा जोकर गातोय, वरून नोटा उधळतोय आणि त्याच्या फुग्यांमध्ये विषारी गॅस भरलेला आहे. अंगावर काटा येतो.
मी ही कॅसेट काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली होती, बूथमध्ये उभा राहून आधी ऐकली आणि मग घेतली. कॅसेटची रीळ कधीच गेली पण तिचं इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद, अजून आहे माझ्याकडे, घड्यांवर फाटलंय तरी वाचता येतं. दुकान २०१६ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रिन्सही गेला.
आणि दोनच गाणी म्हणतोस ते पूर्ण खरं नाही. वेनच्या बंगल्यावरच्या पार्टीत मागे बारीक आवाजात लक्ष देऊन ऐक, 'इलेक्ट्रिक चेअर' आणि 'विकी वेटिंग' दोन्ही सापडतील. 'स्कँडलस' शेवटच्या क्रेडिट्सवर आहे, ते तू ऐकलं असशीलच.

पार्ल्याची_मीरा
मला दादर_स्लोचं पटतं थोडंसं. पिक्चरचा जीव एल्फमनच्या त्या मार्चच्या धूनमध्ये आहे, सुरुवातीला कॅमेरा त्या दगडी लोगोच्या खाचांमधून फिरतो तेव्हा जे वाजतं ते काढलं तर पिक्चरच उभा राहणार नाही, प्रिन्सची गाणी काढली तर राहील. एल्फमनचा अल्बम वेगळा निघाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पण यात फसवणूक कसली? गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं हे आपल्याकडे तर रोजचं आहे, बॅकग्राउंड स्कोअर कॅसेटवर मिळाला नाही म्हणून कुणी तक्रार केलीये का कधी.
मात्र म्युझियमचा सीन मी कुणालाही काढू देणार नाही. जोकरचा माणूस खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन पुढे, 'पार्टीमॅन' सुरू, आणि ते सगळे नाचत नाचत जुन्या चित्रांवर रंग फासत सुटतात. एक माणूस सुरी घेऊन फ्रान्सिस बेकनच्या चित्राकडे जातो तर जोकर त्याला थांबवतो, हे आवडलंय मला, राहू दे म्हणून. त्या अर्ध्या मिनिटात जोकर कोण आहे ते कळतं, आणि अंगात जांभळा सूट! प्रिन्सशिवाय तिथे दुसरं कोण शोभलं असतं?

ऑक्टोपॅड_लालबाग
मी ऑर्केस्ट्रात वाजवतो म्हणून फक्त वाजवण्याबद्दल बोलतो. बर्टनने जोकरच्या सीन्सना तात्पुरती म्हणून प्रिन्सचीच जुनी गाणी लावून बघितली होती, '१९९९' आणि 'बेबी आय अ‍ॅम अ स्टार', मग त्याला बोलावलं. प्रिन्सने येऊन कच्चं फुटेज बघितलं आणि फेब्रुवारी-मार्च १९८९ मध्ये बहुतेक अल्बम रेकॉर्ड करून मोकळा, जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून. परेडसाठी आधी '२०० बलून्स' केलं होतं, ते नाही चाललं तर त्याजागी 'ट्रस्ट' दिलं.
आणि 'बॅटडान्स' पिक्चरमध्ये नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको भाऊ, कारण त्या गाण्याच्या आतच पिक्चर आहे! निकल्सन, कीटन, बेसिंजर या पिक्चरमधल्या कलाकारांचे डायलॉग कापून तालावर बसवलेत, वर अल्बमच्या इतर गाण्यांचे आणि त्या नाकारलेल्या '२०० बलून्स'चे तुकडे. मधेच सगळा ताल मोडतो, संथ फंक येतो, नुसती गिटार कट-कट करत राहते आणि परत पहिल्यापेक्षा जोरात गोंधळ. सहा मिनिटांत तीन गाणी. एवढं विचित्र गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं आणि अल्बम सलग सहा आठवडे एक नंबरवर होता. हेडफोन लाव आणि फक्त किक ड्रमच्या मागे मागे जा, मी गेली कित्येक वर्षं तेच करतोय आणि अजून काहीतरी नवीन हाती लागतं.

दादर_स्लो
सगळ्यांचे खूप आभार. आज लोकलमध्ये जाता-येता कोण गातंय ते लक्षात ठेवून पूर्ण ऐकला. 'विकी वेटिंग' मला आधी साधं प्रेमाचं गाणं वाटलं होतं, ब्रूस वेन गातोय म्हटल्यावर कळलं की हा माणूस मुलं होण्याला घाबरतोय, आणि का घाबरतोय ते आपल्याला माहितीये, त्याचे आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत गेले. माटुंग्याला उतरायचं ते सायनला उतरलो. मीरा, म्युझियमचा सीन आज परत बघणार. काका, त्या इनले कार्डाचा फोटो टाकाल का इथे? दोन्ही बाजूंचा. मी प्रिंट काढून त्या पांढऱ्या पिशवीत ठेवतो.

कॅसेटवाला_गिरगाव
टाकतो रे उद्या उजेडात. घडीवर 'लेमन क्रश'च्या दोन ओळी पुसल्या गेल्यात, त्या मी पेनाने लिहून देतो.