मदत हवी आहे: १७ साठी हाताने रँकची मर्यादा २ येते, पारी-जीपी ० सांगतं

पऱ्हाटी_मॉड_१७
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी वक्र घेतला आहे य² = क्ष³ − २८९क्ष. म्हणजे १७ ही काँग्रुअंट संख्या आहे का (परिमेय भुजांच्या काटकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ १७ असू शकतं का), हाच प्रश्न. वक्राची रँक (अनंत क्रमाच्या स्वतंत्र परिमेय बिंदूंची संख्या) ० असेल तर उत्तर नाही. २-आयसोजेनीने (वक्राला जोडवक्रावर नेणाऱ्या नकाशाने) डिसेंट केला, म्हणजे रँकची वरची मर्यादा काढली. मूळ वक्रावर ±१, ±१७ हे चारही प्रकार (क्ष मधून पूर्ण वर्ग काढल्यावर उरणारा ड) टॉर्शन (सांत क्रमाच्या) बिंदूंतूनच मिळतात. जोडवक्र य² = क्ष³ + ११५६क्ष, त्यावर ड = १, २, १७, ३४ उरतात. ड = २, १७, ३४ ची तिन्ही समीकरणं वास्तव, २-ॲडिक आणि १७-ॲडिक (२ व १७ च्या घातांच्या बाकीत पाहणाऱ्या) संख्यांत सुटतात, म्हणजे स्थानिक सुटतात. म्हणून रँक जास्तीत जास्त २.

पारीत (अंकसिद्धान्ताचं सॉफ्टवेअर) एलरँक ही आज्ञा [०, ०, २, []] देते; पहिले दोन आकडे रँकची खालची-वरची मर्यादा. ड = २ चं समीकरण २क² = अ⁴ + २८९ब⁴ असं होतं; अ, ब १०,००० पर्यंत चालवून पाहिले, काही सापडलं नाही. चूक कुठे? आर्वीकडे नेट धड चालत नाही, त्यामुळे ऑनलाइन तक्त्यांचा उपयोग नाही. हाताने तपासता येईल असं सांगा.

संत्राबाग
चूक नाही भाऊ. डिसेंटने सेल्मर ग्रुप (सगळीकडे स्थानिक सुटणारी समीकरणं) मोजला जातो, रँक नाही. मधला फरक म्हणजे शा (टेट–शाफारेविच ग्रुप: स्थानिक सुटणारी, पण परिमेय उत्तर नसलेली). उत्तरातला तिसरा आकडा २ तेच सांगतो: शा मधल्या २-टॉर्शनची मिती २. पारी सेल्मरवर थांबत नाही, पुढे कॅसल्स पेअरिंग (शा चे घटक ओळखणारी चाचणी) लावतं. तुमची समीकरणं सगळीकडे स्थानिक सुटतात, पण परिमेय उत्तर नाही. लिंड (१९४०) आणि राइकार्ट (१९४२) यांच्या २य² = क्ष⁴ − १७ च्या जातीचाच मामला.

वर्धाकाठ
ड = २ हातानेच मारता येतं. अ, ब परस्पर मूळ घ्या. दोन्ही विषमच येतात. १७ ने अ ला भाग जात असेल तर समीकरण उलटून तेच रूप मिळतं, म्हणून जात नाही असं धरा. क धन घ्या.

अ ला भागणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येपुढे २ वर्ग ठरतो (म्हणजे तिने भागल्यावर २ ही एखाद्या वर्गाची बाकी असते), म्हणून ती मॉड ८ ला ±१ (८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७). ब चंही तसंच. म्हणजे अ⁴ आणि ब⁴ दोन्ही मॉड ३२ ला १. २८९ पण मॉड ३२ ला १. मग क² मॉड १६ ला १.

आता क ला भागणारी मूळ संख्या मॉड ४ ला १ असते. ती मॉड ८ ला १ असेल तर तिच्यापुढे १७ वर्ग, ५ असेल तर अवर्ग. क² मॉड १६ ला १ असल्याने ५ वाल्या सम संख्येने येतात, म्हणून वर्गांच्या व्युत्क्रम नियमाने क हा मॉड १७ वर्ग. पण मॉड १७ ला २ = ६², आणि ६ अवर्ग; २क² चतुर्थ घात व्हायला क अवर्गच हवा. खलास.

पऱ्हाटी_मॉड_१७
पटलं. पण १७ आणि ३४ अजून उभे आहेत. एक जरी सुटला तरी रँक १ होईल ना?

संत्राबाग
हो, नुसत्या या मोजणीने ते मरत नाहीत. तिथे टनेलची १९८३ ची कसोटी लावा. २क्ष² + य² + ८झ² = १७ ची पूर्णांक उत्तरं मोजा, ऋण किमतींसकट (बहुतेकांची गणती इथेच फसते). झ = ० ला ४, झ = ±१ ला प्रत्येकी ६, एकूण १६. ८ च्या जागी ३२ ठेवलं तर झ = ० एवढंच उरतं, ४. संख्या काँग्रुअंट असेल तर पहिली गणती दुसरीच्या दुप्पट हवी. १६ आणि ८ जुळत नाहीत. म्हणून १७ नाही, आणि रँक ०. ही दिशा पूर्ण सिद्ध आहे. गणती जुळली असती तर उलट निष्कर्षाला बर्च–स्विनर्टन-डायर अनुमान (अजून असिद्ध) गृहीत धरावं लागलं असतं.

वर्धाकाठ
प्रकल्पात ४१ पण ठेवा. त्याचीही मर्यादा २ च येते, पण ४१ चा वर्ग मॉड ३२ ला १७, त्यामुळे वरच्या युक्तिवादाने तिथे विसंगती येतच नाही. २क² = अ⁴ + १६८१ब⁴ मध्ये अ = ब = १ ठेवा: १६८२ = २ × २९². ४१ क्षेत्रफळाचा त्रिकोणही आहे: भुजा ४०/३ आणि १२३/२०, कर्ण ८८१/६०.