आपला खेळाडू प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला की आपल्याला नेमके काय दुखते?

तिसरा पास:

मी आर्सेनल या लंडनमधल्या फुटबॉल क्लबचा चाहता आहे आणि बरीच वर्षे मनात असलेली एक विसंगती या मंचावरच्या जाणकारांपुढे मांडतो आहे. आघाडीवीर रॉबिन व्हॅन पर्सी २००४ मध्ये फेयेनूर्ड या डच क्लबकडून आपल्याकडे आला. पुढे दुखापतींमुळे त्याचे कितीतरी महिने वाया गेले, तरी क्लबने आणि चाहत्यांनी त्याची वाट पाहिली. अखेर २०११-१२ मध्ये कर्णधार म्हणून त्याने लीगमध्ये ३० गोल केले, आणि त्याच उन्हाळ्यात, करार संपायला वर्ष उरले असताना, आपण तो वाढवणार नाही असे जाहीर करून तो मँचेस्टर युनायटेडला निघून गेला. त्याचे नाव निघाले की आजही माझ्या मनात कडवटपणा येतो.

याउलट ऑलिव्हिए जिरू जानेवारी २०१८ मध्ये चेल्सीला गेला. चेल्सी म्हणजे लंडनमधलाच क्लब, म्हणजे वैर अधिक जवळचे. इतकेच नव्हे, तर २९ मे २०१९ रोजी बाकूमध्ये झालेल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात आपल्याविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला आणि आपण ४-१ असे हरलो. तरीही जिरूबद्दल मला तिळमात्र राग नाही. आर्सेनल सोडल्यावर तो विश्वचषक आणि चॅम्पियन्स लीग जिंकला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

दोघेही आघाडीवीर, दोघेही प्रतिस्पर्ध्याकडे गेले आणि दोघांनीही आपल्याविरुद्ध गोल केले. मग एकाला क्षमा आणि दुसऱ्याला नाही, असे का? हा केवळ माझा पक्षपात आहे, की चाहत्यांच्या रागामागे काही न्याय असतो? आणि अशा खेळाडूची मैदानावर हुर्यो उडवणे कितपत योग्य आहे?

मधली फळी:

तुमच्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की जिरूला क्लबने जाऊ दिले आणि व्हॅन पर्सीने क्लब सोडला. ते खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. लाकाझेत आणि नंतर ओबामेयांग हे नवे आघाडीवीर आल्यावर जिरूसाठी जागाच उरली नव्हती, त्यामुळे त्याच्या जाण्यातून आपल्या क्लबबद्दल काहीच सिद्ध झाले नाही. व्हॅन पर्सीचे तसे नव्हते. क्लबने पुढे कोणत्या वाटेने जावे याबाबत आपले व्यवस्थापनाशी मतभेद आहेत, असा त्याच्या निवेदनाचा आशय होता. हे बोलणारा माणूस आपला कर्णधार होता, आणि त्याचा सरळ अर्थ असा होता की या क्लबमध्ये राहून विजेतेपद मिळणार नाही.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की त्याचे म्हणणे खरे ठरले. २०१२-१३ मध्ये युनायटेडने ८९ गुणांसह लीग जिंकली, ज्या सामन्यात विजेतेपद निश्चित झाले त्यात ॲस्टन व्हिलाविरुद्ध हॅटट्रिक त्याचीच होती, आणि आपण ७३ गुणांसह चौथे राहिलो. विजेतेपद निश्चित झाल्यानंतर युनायटेडचा पुढचाच सामना आपल्या मैदानावर होता; आपल्या खेळाडूंना दोन रांगांत उभे राहून विजेत्यांचे स्वागत करावे लागले आणि त्या विजेत्यांमध्ये तो होता. तो युनायटेडला जाऊन अपयशी ठरला असता तर आपण त्याला केव्हाच विसरलो असतो, अशी माझी खात्री आहे. ज्या शंकेकडे आपण प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला जाणीवपूर्वक दुर्लक्ष करतो, ती शंका त्याने सर्वांसमक्ष बोलून दाखवली आणि मग ती खरी करून दाखवली. आपला राग त्या खेळाडूवर निघतो, पण त्यातला बराचसा भाग आपल्याच क्लबच्या त्या काळातल्या अवस्थेचा असतो.

मारियो गट्झेचे उदाहरण याच प्रकारचे आहे. तो डॉर्टमुंड या जर्मन क्लबमध्येच घडला. एप्रिल २०१३ मध्ये, रेआल माद्रिदविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना तोंडावर आला असताना, करारात ठरलेले ३ कोटी ७० लाख युरो भरून बायर्न म्युनिक त्याला घेणार असल्याची बातमी फुटली. त्यापूर्वीच्या दोन हंगामांत डॉर्टमुंडने बायर्नला मागे टाकून लीग जिंकली होती आणि चित्र कायमचे बदलले असे तिथल्या चाहत्यांना वाटू लागले होते. गट्झेच्या जाण्याने, आणि वर्षभराने त्याचा सहकारी लेवांडोव्स्की एक पैसाही न देता बायर्नला मिळाल्याने, तो समज मोडून पडला. पुढे तोच गट्झे २०१६ मध्ये डॉर्टमुंडला परतला.

उजवी बगल:

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यात खेळाडूची बाजू आलेली नाही. व्हॅन पर्सी युनायटेडला गेला तेव्हा २९ वर्षांचा होता आणि लीगचे विजेतेपद त्याच्या नावावर नव्हते. इतक्या दुखापती सोसलेल्या खेळाडूच्या हाती उमेदीचे किती हंगाम उरले असतील? क्लब मात्र उपयोग संपलेल्या खेळाडूला निरोप देताना निष्ठेचा विचार क्वचितच करतो.

फ्लोरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबचा खेळाडू रोबेर्तो बाज्जो याची गोष्ट याबाबत सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. १९९० मध्ये युएफा चषकाच्या अंतिम लढतीत फिओरेन्तिना युव्हेन्टसकडून हरली आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लबच्या मालकांनी बाज्जोला त्याच युव्हेन्टसला त्या काळच्या विक्रमी किमतीत विकून टाकले. फ्लोरेन्समध्ये दंगली उसळल्या. त्याला स्वतःला जायचे नव्हते. ६ एप्रिल १९९१ रोजी तो युव्हेन्टसच्या जर्सीत फ्लोरेन्सला आला, तेव्हा संघाला मिळालेली पेनल्टी त्याने घेतली नाही. त्याचा सहकारी दे आगोस्तिनी याने ती घेतली आणि गोलरक्षकाने अडवली. बाज्जोला बाहेर बोलावले गेल्यावर प्रेक्षकांतून फिओरेन्तिनाचा एक स्कार्फ त्याच्या दिशेने आला आणि त्याने तो उचलून घेतला. त्या दिवशी फिओरेन्तिना १-० अशी जिंकली. आता यात दोषी कोण होते? खेळाडूला विकणाऱ्या मालकांना कोणत्याच मैदानावर उतरावे लागत नाही, म्हणून प्रेक्षकांचा सगळा रोष नेहमी खेळाडूच्या वाट्याला येतो.

गोलरेषा:

बाज्जोशी सोल कॅम्पबेलची तुलना केली तर चाहत्यांच्या रागात काही न्याय असतो का, या प्रश्नाला हात घालता येईल. १५ डिसेंबर १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या बोस्मन निकालापासून करार संपलेला खेळाडू युरोपात शुल्काविना दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकतो. कॅम्पबेल हा आर्सेनलचा कट्टर शेजारी प्रतिस्पर्धी असलेल्या टॉटेनहॅमच्याच युवा संघातून वर आलेला, त्या क्लबचा कर्णधार. आपण राहणार अशी आशा त्याने लोकांना लावून ठेवली, करार संपू दिला, आणि जुलै २००१ मध्ये तो थेट आर्सेनलमध्ये दाखल झाला. टॉटेनहॅमला एक पेनीही मिळाली नाही. पहिल्याच हंगामात त्याने आर्सेनलबरोबर लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले, आणि एप्रिल २००४ मध्ये आर्सेनलने टॉटेनहॅमच्याच मैदानावर लीगचे विजेतेपद निश्चित केले तेव्हाही तो खेळत होता. करार पाळून, तो संपल्यावर जाण्यात कायद्याने काहीच गैर नव्हते. परंतु जे लोक तो राहील या विश्वासाने थांबले होते, त्यांच्याशी तो स्पष्टपणे वागला नाही, आणि तो राग मला न्याय्य वाटतो.

त्या रागाने पुढे जे रूप घेतले ते मात्र नाही. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर, कॅम्पबेल पोर्ट्समथकडून खेळत असताना टॉटेनहॅमच्या काही प्रेक्षकांनी त्याच्याविरुद्ध इतक्या हीन घोषणा दिल्या की त्यांच्यावर खटले चालले आणि त्यांना मैदानबंदी झाली. लुईस फिगो २००० मध्ये बार्सेलोनाहून रेआल माद्रिदला गेला, आणि नोव्हेंबर २००२ मध्ये बार्सेलोनाच्या मैदानावर तो कॉर्नर घ्यायला गेला की त्याच्या दिशेने बाटल्या येत होत्या, डुकराचे डोकेही आले आणि सामना काही काळ थांबवावा लागला. माणसाच्या रंगावरून, खासगी आयुष्यावरून बोलणे किंवा त्याच्यावर वस्तू फेकणे यांचा क्लबवरच्या प्रेमाशी काडीचाही संबंध नाही. चेंडू त्याच्याकडे असताना हुर्यो उडवा, सामना संपल्यावर घरी जा; माझ्या मते मर्यादा तिथेच आहे.

तिसरा पास:

सर्वांचे आभार. ‘मधली फळी’ यांनी म्हटल्याप्रमाणे व्हॅन पर्सी बरोबर ठरला हेच मला सलते, हे मान्य करायला हवे. पण एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये चार्ल्टन क्लबविरुद्ध त्याने धावत येऊन हवेतच मारलेला गोल, किंवा फेब्रुवारी २०११ मध्ये बार्सेलोनाविरुद्ध जवळजवळ अशक्य कोनातून केलेला गोल, हे माझ्या आवडत्या गोलांपैकी आहेत. ते आता पाहताना आनंद अर्धवट राहतो, कारण पुढे काय झाले ते डोक्यात असते. जिरूचे गोल पाहताना असे होत नाही. या जुन्या आनंदाचे काय करावे?

मधली फळी:

याबाबतीत मला डेनिस लॉ आठवतो. १९६२ पासून ११ वर्षे युनायटेडकडून खेळलेल्या या खेळाडूला क्लबने १९७३ मध्ये मोकळे केले आणि तो मँचेस्टर सिटीकडे गेला. २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर त्याने युनायटेडविरुद्ध टाचेने गोल केला आणि युनायटेड खालच्या विभागात गेली. प्रत्यक्षात त्या दिवशीचे इतर निकाल असे लागले की तो गोल झाला नसता तरी युनायटेडची घसरण टळली नसती. लॉने जल्लोष केला नाही, तो मान खाली घालून बाहेर पडला, आणि क्लब फुटबॉलमधला तो त्याचा शेवटचा लीग सामना ठरला. त्याच ओल्ड ट्रॅफर्डबाहेर २००८ पासून जॉर्ज बेस्ट आणि बॉबी चार्ल्टन या खेळाडूंच्या शेजारी त्याचा पुतळा उभा आहे.

लॉ आणि व्हॅन पर्सी यांच्यातला फरक तुम्ही जाणता, त्यामुळे पुतळ्याची अपेक्षा कोणी करणार नाही. फ्रँक लॅम्पार्डचे उदाहरण कदाचित अधिक जवळचे ठरेल. चेल्सीसाठी २११ गोल केल्यावर, नवा करार न मिळाल्याने तो सिटीकडे गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने चेल्सीविरुद्ध ८५ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला. जल्लोष त्याने केला नाही, आणि त्याच दिवशी चेल्सीच्या चाहत्यांनी त्याच्या नावाने गाणी म्हटली. व्हॅन पर्सीनेही नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याविरुद्ध गोल करून हात आवरले होते. नोव्हेंबर २०१३ मधल्या विजयी गोलनंतर मात्र त्याने जल्लोष केला, आणि अनेकांच्या मनातून तो तिथे पुरता उतरला.

तरीही चार्ल्टनविरुद्धचा तो चेंडू त्याने आर्सेनलच्या जर्सीत मारला, सहकारी इबुएने उजवीकडून दिलेल्या क्रॉसवर मारला आणि त्याचे गुण आर्सेनलला मिळाले. त्या गोलवर युनायटेडचा काही हक्क नाही, आणि व्हॅन पर्सीचाही तुमच्यापेक्षा अधिक नाही. तुम्ही तो निःसंकोचपणे पाहावा, आणि नंतर त्याचे नाव निघाल्यावर कडवट वाटले तर तेही वाटू द्यावे. दोन्ही भावना एकाच माणसाबद्दल असू शकतात, आणि त्यांतली एक निवडण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही.